'स्थानिक' म्हणजे नेमके कोण? गावकीपासून कंपनीच्या गेटपर्यंत

"बाहेर कशाला जाता? आपल्याच भागात काम शोधा." हा सल्ला आज वस्तीतल्या प्रत्येक मुलाला मिळतो. सल्ला वाईट नाही. पण तो देणारे एक गोष्ट विसरतात. आपल्या भागात काम असणे वेगळे आणि ते काम आपल्यापर्यंत पोहोचणे वेगळे. या दोन गोष्टींमधले अंतर दीडशे वर्षांच्या इतिहासाने घडवले आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांना 'स्थानिक रोजगार' होताच. त्याचे नाव महारकी वतन. सरकारी निरोप पोहोचवणे, गावची राखण करणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे त्यात होती. सरकारकडून हातावर नाममात्र रक्कम आणि बाकी गावाच्या मर्जीचे बलुते. कामाला वेळेची मर्यादा नव्हती. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला राबवले जाई. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते यासाठीच. ते विधेयक तेव्हा कायद्यात उतरले नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. म्हणजे गावातले 'हक्काचे काम' हीच बेडी होती. ती तोडायला आपले लोक शहराकडे निघाले.

शहरात जात सुटली का? मुंबईच्या गिरण्यांमध्ये आपले लोक हजारोंनी लागले, पण रिंग खात्यात आणि इतर कमी पगाराच्या खात्यांत. साळखात्याचे दार मात्र बंद. तिथे पगार जास्त. कारण काय दिले जाई? धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि सवर्ण कामगारांना त्यात विटाळ वाटे. यंत्र इंग्लंडचे, मालक गुजराती-पारशी, पण विटाळ मात्र अस्सल गावचा! 1928 च्या मोठ्या गिरणी संपात, हे खाते अस्पृश्य कामगारांना खुले करण्याची मागणी झालीच पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला.

रेल्वेतही तेच. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हे उलगडून दाखवले. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टरही होता येत नाही. का? कारण स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्य माणूस त्याच्या घरात चालत नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही मांडणी याच भाषणातली. ती हवेतून आलेली नव्हती, रुळांवरच्या अनुभवातून आली होती.

आता यामागची यंत्रणा पाहा. गिरणीत भरती करत असे जॉबर. तो आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीचा माणूस आधी आणी. जागा रिकामी झाल्याची बातमीच त्याच्या गोतावळ्यात फिरे. जाहिरात नाही, अर्ज नाही. मग भेदभाव सिद्ध तरी कसा करणार? जिथे अर्जच नाही तिथे नकारही कागदावर येत नाही.

म्हणून बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूर मंत्री असताना काय घडले ते महत्त्वाचे आहे. 1943 साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा राखीव झाल्या. 1945 मध्ये मजूर खात्याखाली, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी, सेवायोजन कार्यालयांची घडी बसली आणि 1948 पासून ती सर्वांना खुली झाली. रिकाम्या जागेची बातमी जॉबरच्या खिशातून काढून सरकारी खिडकीवर आणणारी ही व्यवस्था होती. पुढे 1959 च्या कायद्याने, 25 किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणे बंधनकारक केले. पण जागा कळवायची सक्ती झाली, तिथूनच माणूस घ्यायची सक्ती झाली नाही. दार दाखवले गेले, उघडले मात्र गेले नाही.

आज जॉबर गेला, लेबर कॉन्ट्रॅक्टर आला. आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो तेव्हा एकच गोष्ट वारंवार ऐकतो, "जागा निघाली हे आम्हाला भरल्यावर कळलं." स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या हे महाराष्ट्र शासनाचे धोरण जुने आहे. पण गावातल्या एकाच आळीतली पोरे गेटपास घेऊन आत गेली, तरी कागदावर ते 'स्थानिक'च ठरतात! भूमिपुत्रांच्या भाषेत आपली वस्ती मोजली जाते का, हा प्रश्न आपणच विचारायला हवा.

मग करायचे काय? शिकाऊ उमेदवारी कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव आहेत. आपल्या भागातल्या कारखान्यांत त्या किती भरल्या, हे संबंधित सरकारी कार्यालयाला माहितीच्या अधिकारात विचारा. नगरपालिकेची, जिल्हा परिषदेची कंत्राटी भरती कोणामार्फत होते, तेही विचारा. विहाराच्या भिंतीवर जयंतीच्या वर्गणीची यादी लागते, तिच्या शेजारी रिकाम्या जागांची यादी लावा. आणि आपल्यातले जे आधीच आत पोहोचले आहेत, त्यांनी जागा निघाल्याची बातमी वस्तीत आणणे हा उपकार समजू नये. ते त्यांच्यावरचे ऋण आहे.

साळखात्याचे दार विनवणीने उघडेल अशी वाट बाबासाहेब पाहत बसले नाहीत. ती मागणी त्यांनी संपाच्या ऐन मध्यात आणून ठेवली. आपल्या गावाबाहेरच्या कंपनीच्या गेटवरही ती तशीच ठेवावी लागेल, संघटितपणे आणि लेखी.

जय भीम!