चमत्कार, श्रम आणि पाणी

प्रेक्षणीय स्थळांची वर्णने मराठीत विपुल आहेत. डोंगर, धबधबा, लेणे, देऊळ यांच्याकडे पाहून लेखक चकित होतो, वाचकालाही चकित करतो आणि तेथेच थांबतो. या वर्णनांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे चमत्कार. एकदा चमत्कार म्हटले की कारण विचारण्याची गरज उरत नाही आणि काम कोणी केले हे विचारण्याचीही उरत नाही. हा केवळ भाषेचा दोष नव्हे. ज्या समाजात हाताने काम करणारा हलका मानला गेला, त्या समाजाने मोठ्या कामाचे श्रेय देवाला, राजाला किंवा पांडवांना द्यावे हे त्या समाजरचनेला धरूनच आहे. महाराष्ट्रात लेणे दिसले की ते पांडवांनी एका रात्रीत कोरले अशी कथा सांगितली जाते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेणी आजही पांडवलेणी म्हणूनच ओळखली जातात. पिढ्यानपिढ्या छिन्नी चालवणाऱ्या हातांचा हिशेब एका रात्रीच्या या कथेने पुसून टाकला आहे.

प्रस्तुत लेखात मुंबई उपनगरातील एका दिवसाच्या सहलीचा विचार करावयाचा आहे. विक्रोळीहून सकाळी लवकर निघाले तर खाडीकाठचे तिवरांचे जंगल, कोंडिविट्याची लेणी, अंधेरीचा गिल्बर्ट हिल आणि बोरिवलीच्या जंगलातील कान्हेरी ही चार ठिकाणे पाहून अंधार पडता पडता घरी परतता येते. यातील दोन ठिकाणे निसर्गाची आहेत, दोन माणसाची. चारही ठिकाणी चमत्कार हा शब्द बाजूला ठेवून पाहिले तर काय दिसते, एवढाच प्रश्न आहे.

सहल ही गोष्ट आपल्या लोकांना नवी आहे. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडिलांच्या पिढीने प्रवास केला तो कामासाठी, दुष्काळामुळे, लग्नकार्याला आणि मयतीला. नुसते पाहण्यासाठी कोठे जावे आणि त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी, ही कल्पना त्या पिढीच्या आवाक्यातली नव्हती. आज कन्नमवारनगरातली, टागोरनगरातली, पार्कसाइटच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांतली मुले-मुली महाविद्यालयात येतात आणि सहलीची वर्गणीही भरतात. त्यांनी काय पाहावे आणि कसे पाहावे, हा प्रश्न म्हणून अध्यापकासमोर उभा राहतो.

सुरुवात विक्रोळीपासूनच केली पाहिजे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागलेल्या लाखो पोलादी मतपेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. शतकानुशतके ज्यांना मत नव्हते त्यांचे पहिले मत ज्या पेटीत पडले, ती पेटी येथल्या कामगारांनी घडवली. वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तट आणि कळस येतात, मतपेटी येत नाही. ती यायला हवी.

कारखान्यांच्या मागे पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. ओहोटीच्या वेळी तेथल्या चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो मुळे वर आलेली दिसतात. ही तिवराची मुळे आहेत. खाऱ्या, घट्ट चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती जमिनीबाहेर येऊन श्वास घेतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ मध्ये शासनाने खाडीचा काही भाग अभयारण्य म्हणून जाहीर केला आणि २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीची नोंद रामसर करारातील पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत झाली. परंतु याच खाडीच्या काठाने मिठागरे पसरली होती. आगरी मजुरांनी उन्हात उभे राहून तेथे मीठ ओढले आणि कोळ्यांनी याच पाण्यावर पोट भरले. पक्षी पाहताना ही माणसे दृष्टीआड होऊ देता कामा नये.

विक्रोळीहून जोगेश्वरीकडे जाणाऱ्या जोडरस्त्याने पवई ओलांडली की अंधेरी पूर्वेला कोंडिविट्याची लेणी लागतात. दोन रांगांत मिळून एकोणीस लेणी आहेत. त्यांतील नवव्या लेण्यात एक विलक्षण रचना आहे. आतल्या स्तूपाभोवती खडकातच कोरलेली गोल भिंत आहे आणि तिला जाळीच्या खिडक्या आहेत. बाहेरून पाहावे तर ती दगडात उतरवलेली कुडाची गोल झोपडीच वाटते. बिहारमधील बराबर डोंगरातल्या लेण्यांशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. भव्य महाल कोरण्याची शक्ती असलेल्या कारागिरांनी झोपडीचा आकार दगडात जपला, ही गोष्ट माझ्या मते लक्षात ठेवण्यासारखी आहे.

येथल्या एका लेखात गौतम गोत्राच्या ब्राह्मणाने आपल्या भावासह विहार दान दिल्याची नोंद आहे. इतिहास आपल्या सोयीने वाचायचा नसेल तर ही नोंदही वाचली पाहिजे. जन्माने ब्राह्मण असलेला माणूस संघाला दान देत होता आणि त्याचे नाव इतर दात्यांसारखेच भिंतीवर कोरले जात होते. पुढे संघ नाहीसा झाला, लेणी ओस पडली आणि त्यांना महाकालीचे नाव चिकटले. रस्ता, बसथांबा, पाटी सगळीकडे आज तेच नाव आहे. कोंडिविटे म्हटले तर रिक्षावाल्यालाही उमगत नाही.

नाव बदलले की मालकी बदलते, हे केवळ आपल्याकडचे नाही. अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल हा सुमारे साठ मीटर उंचीचा काळ्या बसाल्टचा सुळका आहे. सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला तप्त रस थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा गेल्या आणि एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या बहुकोनी खांबांचा हा डोंगर तयार झाला. चिखल वाळताना तडकतो तसाच हा प्रकार आहे, फक्त तडे खोलवर गेलेले आहेत. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात असाच एक प्रसिद्ध सुळका आहे. तेथल्या लाकोटा आदिवासींच्या भाषेत तो अस्वलाचे घर आहे. गोऱ्यांनी त्याला सैतानाचा मनोरा म्हटले आणि १९०६ मध्ये याच नावाने ते त्या देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक झाले.

गिल्बर्ट हिलच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे आणि पायथ्याला दाटीवाटीची वस्ती. भोवतालचा दगड खाणींनी खाल्ला, तेवढा हा सुळका उरला. २००७ मध्ये महापालिकेने त्याला दुसऱ्या श्रेणीच्या वारशाचा दर्जा दिला. उरलेल्या दगडाला वारसा म्हणायचे आणि फुटलेल्या दगडाचे काय? साष्टीच्या टेकड्या फोडून जी खडी निघाली तिच्यावर या शहराचे रस्ते आणि पाये उभे राहिले. ती फोडणाऱ्यांत वडार समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती. पाथरवटाच्या कामाला लेण्यात कला म्हणतात आणि खाणीत मजुरी म्हणतात. हात मात्र त्याच कामाचे आहेत.

अंधेरीहून लोकलने बोरिवली गाठावी. राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून कान्हेरी सुमारे सहा किलोमीटर आत आहे. सोमवारी उद्यान बंद असते, हे सहल ठरवणाऱ्याने ध्यानात ठेवावे. प्राचीन लेखांत या डोंगराचे नाव कण्हसेल म्हणजे कृष्णशैल, काळा डोंगर असे येते. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमारास येथे खोदकाम सुरू झाले आणि जवळजवळ एक हजार वर्षे येथे भिक्षुसंघ नांदला. लेण्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरे जवळ होती. व्यापारी त्या वाटांनी येत आणि संघाला दान देत.

तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातील मानले जाते. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी ते करविल्याचा लेख तेथे आहे. त्याच लेखात 'सेलवढकी' म्हणजे पाषाण कोरणारे आणि दगड घासून गुळगुळीत करणारे कारागीर यांचीही नोंद आहे. पांडवांच्या एका रात्रीच्या कथेला याहून स्पष्ट उत्तर असू शकत नाही. काम कोणी केले ते काम करवून घेणाऱ्यांनीच दगडावर लिहून ठेवले. ओसरीतील बुद्धाच्या सात मीटर उंचीच्या दोन मूर्ती मागाहूनच्या आहेत. सहलीची मंडळी त्यांच्यापाशी छायाचित्रे काढून परततात. डोंगर चढून वर जाण्याचा आळस करतात आणि कान्हेरीचे खरे मर्म तेथे वरच आहे.

ते मर्म म्हणजे पाणी. पावसाळ्यात कोसळणारे पाणी वाहून जाऊ नये म्हणून उघड्या कातळावर पन्हळी कोरल्या आहेत. त्या पाणी लेण्यांपाशी आणतात आणि बहुतेक लेण्यांच्या दाराशी खोदलेल्या टाक्यांत सोडतात. लेखांतील भाषेत या टाक्यांना 'पाणियपोढि' म्हटले आहे. पावसाळ्यानंतर कित्येक महिने काही टाक्यांत पाणी टिकते. डोंगर, उतार आणि पाऊस निसर्गाचे आहेत. त्यांना कामाला लावणारी बुद्धी माणसाची आहे.

आणि हे पाणी कोणी दिले? एका टाक्यावरील लेखात कल्याणचा सोनार स्वामिदत्त याचे नाव आहे. दुसऱ्या एका दानलेखात कल्याणचाच लोहार नंद आहे. सोपाऱ्याचा मणिकार आहे. भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत. मागाठाण्याचे शेत संघाला दिल्याचा उल्लेख आहे आणि तेच नाव आजही बोरिवलीत टिकून आहे. संघाच्या चीवरासाठी ठेवलेल्या 'अक्षयनीवि' म्हणजे न संपणाऱ्या ठेवी आहेत. ब्राह्मणी ग्रंथांनी लोहाराला आणि सोनाराला शूद्रात ढकलले. दगडाने मात्र त्यांची नावे, गावे आणि धंदे जपून ठेवले.

येथे सावध राहणे आवश्यक आहे. सातवाहनकाळात जाती नव्हत्या असे मी म्हणत नाही. कान्हेरीत पूर्ण समता नांदत होती, असे सिद्ध करणारा लेख कोणी दाखवलेला नाही. संघाला राजांचेही दान होते आणि सावकारी व्याजाचेही. परंतु लोहार आणि सोनार आपल्या धंद्याचे नाव न लपवता, उलट ते अभिमानाने कोरून पाणी देऊ शकत होते आणि संघ ते पाणी पीत होता, एवढे या लेखांवरून निश्चित म्हणता येते. पुढल्या काळात या देशात पाणी आणि जात यांचे जे नाते झाले ते पाहता ही छोटी गोष्ट नाही.

सहलीला येणारेही येथे नवे नाहीत. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे त्यांत नोंदवली आहेत. परधर्माची ही माणसे लेणी पाहायला आली, नाव लिहून गेली, त्यांना कोणी अडवल्याची खूण नाही.

यानंतर नऊशे वर्षांनी दुसरी एक सहल निघाली. १९३४ साली चळवळीतील सुमारे तीस कार्यकर्त्यांसह डॉ. बाबासाहेब आंबेडकर वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी निघाले. वाटेत निजामाच्या राज्यातील दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दाराजवळच्या हौदातील पाण्याने तोंड धुतले. धेडांनी हौद बाटवला म्हणून तेथल्या मुसलमानांनी गर्दी केली, शिवीगाळ झाली. अखेर किल्ल्यात सोडले ते पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि पहाऱ्याला सशस्त्र शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये झाला होता, १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला होता आणि तरीही १९३४ मध्ये एक सहल पाण्यापाशी अडली. अस्पृश्यतेचा रोग हिंदूंपुरता राहिला नव्हता, हेही या प्रसंगाने दाखवले.

वेरूळची लेणी ज्यांच्या हातांनी झाली त्यांच्याच वारसांना वाटेत तोंड धुण्याचा अधिकार नव्हता. त्याच औरंगाबादेत १९५० मध्ये बाबासाहेबांनी महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद या नावाने प्रसिद्ध झाले. भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे हे नाव आहे. आमच्यासारख्या पहिल्या पदवीधरांच्या मागे अशा संस्था उभ्या आहेत.

म्हणून कान्हेरीची सहल ही करमणूक असायला माझी हरकत नाही. मुलांनी डबे खावेत, गाणी म्हणावीत, माकडांच्या मागे धावावे. त्यांच्या आई-वडिलांना जो दिवस मिळाला नाही तो त्यांना मिळाला आहे. परंतु सोबत एक वही असावी आणि तिच्यात दोन रकाने आखावेत. पहिल्यात लिहावे, हे कशाने झाले. तिवराची मुळे वर का आली, गिल्बर्ट हिलचे खांब कसे झाले, पन्हळीतून पाणी कोणीकडे जाते. दुसऱ्यात लिहावे, हे कोणी केले. स्वामिदत्त सोनार, नंद लोहार, सेलवढकी, मिठागरातला मजूर, खाणीतला वडार, मतपेटी घडवणारा कामगार. पहिला रकाना भरायला शास्त्राची पुस्तके आहेत. दुसऱ्या रकान्यात पुष्कळ जागा रिकामी राहील. ती भरण्यासाठी लेख वाचावे लागतील, ब्राह्मी लिपी शिकावी लागेल, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारावे लागेल. ते काम विक्रोळीच्या मुलामुलींनी अंगावर घ्यावे.