चूल, सुई आणि श्राविका : बीड परिसरातील गृहकलांचा इतिहास

मानवी संस्कृतीच्या आरंभाची जी कथा जैन परंपरेने जपली आहे, तीत स्वयंपाकाला मानाचे स्थान आहे. कल्पवृक्षांचे दान आटले, कच्चे धान्य पचेनासे झाले, तेव्हा भगवान ऋषभदेवांनी लोकांना ओल्या मातीचे भांडे घडवून त्यात अन्न शिजविण्यास शिकविले, असे श्वेतांबर ग्रंथांत वर्णिले आहे. दिगंबर परंपरेतील ‘आदिपुराणा’त असि, मषी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प या सहा कर्मांचा उपदेश प्रभूंनीच केल्याचे सांगितले आहे. पुरुषांच्या ७२ आणि स्त्रियांच्या ६४ कलांचा उल्लेखही याच परंपरेतला. अन्न शिजविणे आणि वस्त्र सिद्ध करणे ही कामे धर्माने कधी हलकी मानली नाहीत.

तथापि समाजाचा इतिहास लिहिताना मात्र या कलांची आठवण क्वचितच होते. मंदिराचा जीर्णोद्धार कोणी केला, स्थानकासाठी जागा कोणी दिली, धर्मशाळेची खोली कोणाच्या स्मरणार्थ बांधली गेली, हे शिलालेखांवर आणि देणगीदारांच्या फलकांवर कोरलेले असते. त्याच वास्तूंत उतरलेल्या साधुसंतांसाठी, यात्रेकरूंसाठी आणि तपस्वींच्या पारण्यासाठी ज्या हातांनी पहाटे दळण दळले, त्या हातांची नोंद कोणत्याही फलकावर नसते. बीड जिल्ह्यातील जैन समाजाच्या गृहकलांचा मागोवा घेणे म्हणजे या न कोरलेल्या नावांचे ऋण मान्य करणे होय.

मर्यादेचे स्वयंपाकघर

बालाघाटच्या डोंगररांगा आणि उत्तरेला गोदावरी यांच्यामधला हा प्रदेश पर्जन्यछायेचा. ज्वारी, बाजरी, तूर आणि कापूस ही येथील मुख्य पिके. व्यापाराच्या निमित्ताने मारवाड आणि गुजरातेतून आलेली जैन कुटुंबे बाजारपेठेच्या गावांत स्थिरावली. मराठी बोलणारी दिगंबर जैन घराणी तर पूर्वीपासून या मातीतीलच. त्यामुळे येथील जैन स्वयंपाकघरात दोन प्रवाह एकत्र आले. गट्टे, मुंगोडी, कढी आणि बाट्या यांच्या शेजारी ज्वारीची भाकरी, धपाटे आणि मराठवाड्याची खास येसर आमटी नांदू लागली. मात्र आमटीत कांदा-लसूण नाही. त्यांची उणीव हिंग, तीळ आणि सुके खोबरे भरून काढीत. बटाट्याच्या जागी कच्ची केळी आली.

या स्वयंपाकघराचे खरे वैशिष्ट्य काळमर्यादेत आहे. दिगंबर परंपरेनुसार दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस. श्वेतांबर परंपरेत मिठाईची मर्यादा हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवस मानतात. दमट हवेत पिठात आणि पक्वान्नात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती लवकर होते, हे निरीक्षण या नियमांच्या मुळाशी आहे. शीतपेटीचा मागमूसही नव्हता, त्या काळी हा नियम आरोग्यरक्षणाचाही ठरला. त्याचा व्यावहारिक परिणाम असा की, बाजारातले पीठ किंवा हलवायाची मिठाई आणून भागत नसे. ते कधी दळले, कधी तळले हे विचारणार कोणाला? धान्य घरी निवडावे, घरी दळावे, सूर्यास्तापूर्वी रांधावे आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे, असा दंडक पडला. अहिंसेच्या तत्त्वाचे रोजचे पालन प्रवचनमंडपापेक्षा चुलीपुढे अधिक झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्यातही चैत्र आणि आश्विन महिन्यांतील आयंबिल ओळी ही पाककौशल्याची कसोटीच. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांपैकी काहीही न वापरता नऊ दिवस तपस्वींना दिवसातून एकदा रुचेल असे अन्न देणे, हे केवळ पाकशास्त्र नव्हे, ते वैयावृत्त्य आहे. दिगंबर साधूंच्या आहारासाठी लागणारा शुद्ध चौका, स्थानकवासी संत-सतींची गोचरी आणि अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने होणारे वर्षीतपाचे पारणे हेही सारे गृहिणींच्याच भरवशावर पार पडत आले.

बीड जिल्ह्याच्या सीमेलगत, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी सिद्धक्षेत्री चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली यमसल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर रोजी त्यांचे समाधिमरण झाले. त्या दिवसांत देशभरातून भाविक तेथे लोटले. एवढ्या जनसमुदायाला शोधित अन्न आणि गाळलेले पाणी पुरवायचे म्हणजे केवढे काम, याची कल्पना आजही करता येते. कुंथलगिरीचा खवा आणि पेढा आज दूरवर प्रसिद्ध आहे. परंतु क्षेत्राच्या अन्नपरंपरेचा गाभा यात्रेकरूंच्या त्या साध्या, शोधलेल्या जेवणात आहे.

अंगणातले वाळवण

चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीच वर्षाची बेगमी करावी लागे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गावोगावची अंगणे आणि माळवदे पापड, शेवया, कुरडया आणि मुगवड्यांनी भरून जात. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवून सोऱ्यातून पाडायचा. जेथे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, तेथे हे काम पाण्याच्या काटकसरीनेच करावे लागे. पापडाचे पीठ उखळात कुटून त्याच्या लाट्या करायच्या आणि शेजारणींनी एकमेकींकडे पाळीपाळीने लाटायला जायचे, हा सहकार कोणत्याही नोंदणीविना चालत असे.

या चित्राची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. व्यापारी घराण्यांत अकाली वैधव्य आलेल्या स्त्रीला घराबाहेर पडून काही मिळविण्याची मुभा नव्हती. पापड लाटणे, वड्या घालणे, गोधड्या शिवणे एवढीच कामे तिला घरात बसून करता येत. पुष्कळदा त्यांचा मोबदला म्हणजे दोन वेळचे जेवण. कला तिच्या हातात होती. त्या कलेचे मोल ठरविण्याचा अधिकार मात्र तिच्या हाती नव्हता. गृहकलांच्या इतिहासातील मुख्य प्रश्न हाच आहे.

सुई-दोऱ्याचा धर्म

शिवणकामाचा धर्माशी संबंध पाकक्रियेइतकाच जवळचा. पाणी गाळण्याचे फडके, सामायिकाचे आसन, मुखवस्त्रिका, पूंजणी, शास्त्रग्रंथांना गुंडाळण्याची वेष्टने ही उपकरणे घरोघरी तयार होत. ती बाजारातून विकत घेण्यापेक्षा स्वहस्ते करून देण्यात श्राविकांना धन्यता वाटे. मुलींना पहिला टाका शिकविला जाई तो बहुधा अशाच एखाद्या लहानशा उपकरणावर.

मराठवाड्याची गोधडी ही तर काटकसरीची शाळाच. जुनी लुगडी आणि धोतरे थरावर थर पसरून धावदोऱ्याने शिवायची. फाटलेले काही फेकायचे नाही. अपरिग्रहाचा विचार असा रोजच्या पांघरुणात उतरला होता. याच जिल्ह्याच्या तांड्यांवर बंजारा भगिनींचे आरसे आणि कवड्या जडविलेले भरतकाम होत असे.

श्राविकाश्रमांचे पर्व

हातच्या कलेला स्वावलंबनाची जोड देण्याचा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आला. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाची उभारणी केली. जैन समाजात हे कार्य मुंबईचे दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई यांनी हाती घेतले. तरुणपणीच वैधव्य आलेल्या मगनबाईंनी दुःख कवटाळून न बसता श्राविकाश्रमाच्या द्वारे आपल्यासारख्या भगिनींना विद्येची वाट दाखविली. सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या कंकुबाई आणि ललिताबाई या त्यांच्या सहकारी. पुढे सोलापूरच्या श्राविकाश्रमाची धुरा पद्मश्री पंडिता सुमतिबाई शहा यांनी वाहिली. धार्मिक शिक्षण, अक्षरज्ञान आणि हस्तोद्योग यांचा मेळ हे या चळवळीचे सूत्र होते.

बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी शाळांची संख्या तोकडी, मुलींच्या शाळा तर दुर्मीळ. १९१७ साली स्थापन झालेली अंबाजोगाईची योगेश्वरी शिक्षणसंस्था हा अंधारातला एक दीप. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. त्यानंतरच शिक्षणाचा आणि त्याबरोबर शिवणवर्गांचा प्रसार येथे वेगाने झाला.

शिवणयंत्राने या काळात मोठे परिवर्तन घडविले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पत्नीला हाताने टाके घालताना पाहून सिंगरने हे यंत्र घडविले, त्यामागे प्रेम होते, असे त्यांचे म्हणणे. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी यंत्र आणले आणि हळूहळू ते मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. मुलीच्या लग्नात शिवणयंत्र देण्याची प्रथा पडली. त्यामागे एक न बोललेला हेतूही होता : प्रसंग आलाच, तर लेकीला कोणापुढे हात पसरावा लागू नये.

लाटण्याचे अर्थकारण

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गुजराती गृहिणी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यासाठी एकत्र आल्या. जसवंतीबेन पोपट त्यांपैकी एक. हाताशी भांडवल होते छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. पहिल्या वर्षाची विक्री झाली ६,१९६ रुपये. देणगी स्वीकारायची नाही, कर्ज फेडायचे आणि नफा-तोटा सर्व भगिनींनी वाटून घ्यायचा, हा त्यांचा निश्चय. तोच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ झाला. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली. २०२१ साली जसवंतीबेन यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

या घटनेचे महत्त्व पापडाच्या चवीत नाही, ते हिशेबाच्या वहीत आहे. जे काम अंगणात शतकानुशतके जेवणाच्या मोबदल्यात होत होते, त्याला प्रथमच मजुरी, मालकी आणि नाव मिळाले. १९७२ च्या भीषण दुष्काळात बीड जिल्ह्यातील हजारो स्त्रिया खडी फोडण्याच्या कामांवर गेल्या. घरात बसून करता येणारा उद्योग हाताशी असणे किती मोलाचे, हे त्या वर्षाने शिकविले. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९९२ पासून बचत गट बँकांशी जोडले जाऊ लागले आणि पापड-मसाले-गोधडी ही उत्पादने गावच्या आठवडी बाजारापासून शहरातील प्रदर्शनांपर्यंत पोहोचली.

भट्टीपासून ओव्हनपर्यंत

भाजणीच्या कलेचा प्रवेश जैन घरांत नानकटाईच्या रूपाने झाला. सुरतेतील डच व्यापाऱ्यांची बेकरी दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली आणि तेथून नानकटाई देशभर पसरली, असे परंपरा सांगते. दिवाळीपूर्वी घरून मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर नेऊन बेकरीच्या भट्टीत नानकटाई भाजून आणण्याचा प्रघात महाराष्ट्रातील अनेक गावांत होता. घटक स्वतःच्या डोळ्यांदेखत मिसळलेले असल्याने मनात शंका राहत नसे. पुढे वाळू घातलेल्या कुकरमध्ये आणि घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये अंड्याविना केक होऊ लागला. दही आणि खाण्याच्या सोड्याने अंड्याची जागा घेतली. २००१ साली वेष्टनावर हिरव्या ठिपक्याची सक्ती झाली. त्यामुळे शाकाहाराची खूण पटते. परंतु कंदमूळ आणि काळमर्यादा यांचा विचार त्या ठिपक्यात येत नाही. तो आजही घरच्या गृहिणीलाच करावा लागतो.

न लिहिलेला ग्रंथ

मराठीत पाककृतींची पुस्तके कमी नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली आले, तर १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापाने पिढ्यांना स्वयंपाक शिकविला. मात्र आयंबिलाची येसर कशी करावी, बिनतेलाची मुंगोडी कशी मऊ पडावी, चौक्याचे दळण कसे सांभाळावे, हे बीड परिसरातील सासूने सुनेला केवळ बोलून सांगितले. एकत्र कुटुंबे विभागली, मुली-मुले पुणे-मुंबईला आणि परदेशी गेली आणि हा बोलका ग्रंथ पानापानाने विरळ होऊ लागला. एक वृद्धा निवर्तते, तेव्हा तिच्याबरोबर कित्येक कृती जातात.

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा आणि राहून गेलेले पूर्ण करण्याचा क्षण असतो. पाठशाळेतील मुलामुलींनी आपल्या आजीकडून एक कृती मापासह, ऋतूसह आणि कोणत्या व्रतासाठी ती होते यासह लिहून घ्यावी. कृतीखाली त्या आजीचे नाव लिहावे. एखादी जुनी गोधडी, एखादे हाताने शिवलेले वेष्टन जपून ठेवावे आणि तेही शिवणारीच्या नावासह. याला निधी लागत नाही, वही-पेन्सिल पुरते. ज्या हातांनी पन्नास-पन्नास वर्षे संघाला जेवू घातले, त्यांच्यासाठी फलक उभारता आला नाही, तरी वहीचे एक पान निश्चितच देता येईल.