फोटोत कोण नाही?

जुन्या फोटोंवर काम करायचं म्हटलं की आपण आधी दिसतं ते टिपायला घेतो. कपडे, टोप्या, पाट्या, यंत्रं. ते करायचंच. पण तेवढ्यावर निष्कर्ष काढला तर काय होतं, ते एका उदाहरणातून बघू.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहराजवळ, मेरीलँड राज्यात, ग्लेन एको नावाचं मनोरंजन उद्यान होतं. शहरातून लोक ट्रामने तिथे जायचे. १९२१ मध्ये तिथे डेंटझेल कंपनीचं मेरी-गो-राउंड बसवलं. त्यावर लाकडी घोडे, ससे, शहामृग, शिवाय एक सिंह आणि एक वाघ. अशा ठिकाणचे जुने फोटो बघताना 'वॉशिंग्टनचे लोक सुट्टीत इथे मजा करायचे' असं वाक्य सहज लिहून होतं.

पण ते वाक्य टिकत नाही. कारण १९६० पर्यंत या उद्यानात फक्त गोऱ्या लोकांना प्रवेश होता.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जरा थांबून विचार करा. इथे दहाऐवजी हजार फोटो जमवले तर निष्कर्ष सुधारेल का? नाही. निवड कॅमेऱ्यापर्यंत पोचायच्या आधी, गेटवरच झालेली आहे. नमुना मोठा केल्याने असा पक्षपात जात नाही.

मग गैरहजर माणसं शोधायची कुठे? इथे ती कोर्टाच्या कागदांत सापडतात. ३० जून १९६० रोजी, मुख्यतः हॉवर्ड विद्यापीठातले कृष्णवर्णीय विद्यार्थी आपल्या गोऱ्या साथीदारांसह उद्यानात गेले आणि त्यातले काही जण तिकिटं घेऊन याच मेरी-गो-राउंडवर बसले. पाच जणांना अटक झाली. पुढे उन्हाळाभर गेटबाहेर निदर्शनं चालली, जवळच्या वस्तीतले गोरे रहिवासीही त्यात होते. मार्च १९६१ मध्ये उद्यान सर्वांना खुलं झालं. अटक करणारा रक्षक उद्यानाच्या सेवेत होता, पण त्याला काउंटीने शेरिफचे अधिकारही दिले होते. म्हणजे हा भेदभाव नुसता खासगी मालकाचा राहिला नाही, त्यात सरकारचाही हात आला. याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये 'ग्रिफिन विरुद्ध मेरीलँड' खटल्यात त्यांच्या शिक्षा रद्द केल्या.

त्या दिवशीचाही एक फोटो आहे. मेरी-गो-राउंडवर बसलेला तरुण मार्वस सॉन्डर्स आणि समोर उभा रक्षक. यंत्र तेच, प्राणी तेच.

म्हणून आधीच्या फोटोंतलं हसू खोटं ठरतं का? अजिबात नाही. ती मुलं खरंच खूश होती. फक्त तो पुरावा 'आत आलेल्यांचा' आहे, 'शहराचा' नाही. आपल्या निष्कर्षात कर्ता कोण लिहायचा, हे तिथेच ठरतं.

तेव्हा फोटोसंग्रह हातात घेतला की वर्णनाच्या रकान्यांत आणखी दोन रकाने वाढवा: 'इथे कोणाला येता येत होतं?' आणि 'हे कुठल्या कागदावरून कळलं?' दुसरा रकाना रिकामा असेल, तर 'लोक' हा शब्द अजून लिहू नका.