हबीबुल्लाह हॉल कोणाच्या नावाचा?

वर्षातून दोनदा पुण्याच्या वर्तमानपत्रांत खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे आपल्या एनडीएची बातमी येते. संचलनाचा मोठा फोटो असतो, पदके मिळवणाऱ्या कॅडेट्सची नावे असतात. संचलनाच्या आधी पदवीदान होते, त्याच्या बातमीत एक छोटी ओळ असते. समारंभ 'हबीबुल्लाह हॉल'मध्ये झाला.

आमच्या वर्गात मुले वर्तमानपत्रातली कात्रणे आणतात आणि उर्दूत त्यांचा सारांश सांगतात. एकदा नववीतल्या एका मुलीने हेच कात्रण आणले. वाचता वाचता ती या नावापाशी थांबली आणि म्हणाली, "टीचर, हे हबीबुल्लाह पाकिस्तानचे होते का?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. भारतीय सैन्याच्या इमारतीवर मुसलमान नाव दिसले तर ते बाहेरच्याचे असणार, असे चौदा वर्षांच्या मुसलमान मुलीला वाटले. हे तिला कोणी शाळेत शिकवले नव्हते. आजूबाजूच्या बोलण्यातून ते आपोआप शिकले जाते. आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही नीट उत्तर देता आले नाही. "एनडीएचे कमांडंट होते" एवढेच मी सांगितले. नंतर वाचत गेले, तेव्हा कळले की तिच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात मावणारे नाही.

मेजर जनरल इनायत हबीबुल्लाह यांचा जन्म १९१० सालचा. घराणे अवधचे, बाराबंकी जिल्ह्यातल्या सैदनपूरच्या तालुकदारांचे. १८५७ नंतर इंग्रजांनी अवधच्या तालुकदारांना सनदा देऊन त्यांच्या जमिनी पक्क्या केल्या होत्या, त्यातलाच हा वर्ग. वडील शेख मोहम्मद हबीबुल्लाह पुढे लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आई इनाम फातिमा लिहिणाऱ्या होत्या. १९२४ साली त्या युरोपला गेल्या आणि त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी उर्दूत लिहिले. मुस्लिम स्त्रीने स्वतःच्या नावाने प्रवासवर्णन लिहिणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे त्या राजकारणात आल्या, आणि तेही मुस्लिम लीगच्या. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या घराने आपल्या मुलांना इंग्लंडला शिकायला पाठवले. अली बहादूर, इशाअत आणि इनायत हे भाऊ ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात वाढले. इनायत तिथून सॅण्डहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात गेले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, इंग्रजांनी हिंदी तरुणांसाठी सॅण्डहर्स्टमध्ये वर्षाला दहा जागा ठेवल्या. एवढ्या मोठ्या देशासाठी दहा! देहरादूनची भारतीय सैनिकी अकादमी १९३२ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीचे किंग्ज कमिशन मिळवायचे तर रस्ता बहुतेक इंग्लंडवरूनच जात असे. १९३०च्या सुमारास इनायत अधिकारी झाले ते या अरुंद दारातून. अशा संधी घरंदाज, पैसेवाल्या कुटुंबांच्याच वाट्याला येत, हेही इथे सांगून ठेवते.

मग १९४७ आले.

फाळणीत सैन्यही वाटले गेले. त्याचा नियम आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतो. पाकिस्तानात जाणाऱ्या भागातल्या मुसलमान सैनिकाला भारतीय सैन्यात राहता येत नव्हते आणि उरलेल्या भारतातल्या बिगरमुस्लिमाला पाकिस्तानच्या सैन्यात जाता येत नव्हते. पण भारतात घर असलेल्या मुसलमान अधिकाऱ्याला निवड करायची मुभा होती. म्हणजे लखनौच्या, अलाहाबादच्या, हैदराबादच्या मुसलमान अधिकाऱ्यापुढे खरोखर दोन दारे उघडी होती. पाकिस्तानच्या नव्या सैन्यात अनुभवी अधिकारी थोडे होते, तिकडे बढती लवकर मिळणार हे उघड होते. कितीतरी जण गेले. त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. त्या उन्हाळ्यात कोणाच्या घरावर काय बेतले होते, हे आज पंख्याखाली बसून ठरवता येत नाही.

राहिले त्यांच्यातले सर्वांना माहीत असलेले नाव ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. ३ जुलै १९४८ रोजी नौशेरा भागात झांगर इथे ते शहीद झाले. राहिलेल्यांत इनायत हबीबुल्लाहही होते.

त्यांच्या घरात काय झाले ते पाहा. भाऊ इशाअत पाकिस्तानात गेले. आज इंग्रजीत गाजलेल्या कादंबरीकार कामिला शम्सी या त्यांच्याच नातीपैकी. दुसरे भाऊ अली बहादूर लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात होते. त्यांच्या पत्नी म्हणजे लेखिका अत्तिया हुसैन. त्या मुलांसह लंडनमध्येच राहिल्या, आणि लखनौच्या अशाच एका फुटलेल्या घराची गोष्ट त्यांनी १९६१च्या 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' या कादंबरीत लिहिली. एका आईची मुले, एका शाळेत शिकलेली, आणि त्यांची घरे तीन देशांत. ज्या लीगच्या राजकारणात आई होती, तिने मागितलेला देश मिळाला आणि तिचेच घर विभागले गेले. इनायत यांनी मात्र सैन्याचा गणवेश उतरवला नाही आणि देशही बदलला नाही.

आता खडकवासल्याकडे येऊ. महायुद्धात हिंदी सैनिक पूर्व आफ्रिकेत लढले, त्याची आठवण म्हणून सुदानने एक लाख पौंडांची देणगी दिली होती. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांना पहिल्यापासून एकत्र शिकवणारी संस्था काढायची, अशी कल्पना होती. तिची सुरुवात १ जानेवारी १९४९ रोजी देहरादूनला तात्पुरत्या स्वरूपात झाली. कायमच्या जागेसाठी सिंहगडाच्या पायथ्याजवळचा खडकवासल्याचा परिसर निवडला गेला. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी पायाभरणी केली. तिथली मुख्य इमारत आजही 'सुदान ब्लॉक' म्हणून ओळखली जाते.

इमारती उभ्या राहिल्या आणि १९५४-५५ मध्ये संस्था देहरादूनहून इकडे आली, तेव्हा तिचे कमांडंट होते इनायत हबीबुल्लाह. म्हणजे खडकवासल्याच्या एनडीएचे पहिले कमांडंट. फाळणी होऊन आठ वर्षेसुद्धा झाली नव्हती. त्यांचा सख्खा भाऊ पाकिस्तानात होता. आणि या देशाने आपले उद्याचे अधिकारी घडवण्याचे काम त्यांच्या हाती दिले. त्या पहिल्या तुकड्यांतले कॅडेट पुढे १९६५ आणि १९७१ची युद्धे लढले. आज आपल्या निष्ठेचा पुरावा मागणारे भेटतात तेव्हा मला या नेमणुकीची आठवण होते. पुरावा न मागता विश्वास टाकणारा देशही हाच होता.

याच सुमारास तिकडे बाराबंकीत आणखी एक गोष्ट घडली होती. १ जुलै १९५२ पासून उत्तर प्रदेशात जमीनदारी संपली. सैदनपूरची तालुकदारीही गेली. म्हणजे ज्या सरकारची चाकरी हे करत होते, त्याच सरकारने त्यांच्या घराण्याची मिळकत कायद्याने काढून घेतली.

यावर मला हळहळ वाटत नाही. माझे आजोबा कोकणात दुसऱ्याची जमीन खंडाने कसत. १ एप्रिल १९५७ला कूळकायद्याने ती त्यांच्या नावावर आली, म्हणून माझे वडील शिकले आणि म्हणून मी बीएड होऊन आज फळ्यापाशी उभी आहे. तेव्हा तालुकदारी जाणे न्यायाचेच होते, असे मी मानते. पण जे गेले त्याचे माणसाने पुढे काय केले, हेही पाहण्यासारखे असते. अवधमधल्या पुष्कळ जुन्या घराण्यांनी उरलेले विकून खाल्ले, कोर्टकचेऱ्या केल्या, लखनौच्या हवेलीत बसून जुन्या दिवसांवर उसासे टाकले.

उत्तर प्रदेशच्या कायद्यात एक बारकावा होता. खंडाच्या दहापट रक्कम भरणारे कूळ 'भूमिधर' होई, न भरणारे 'सीरदार' म्हणून जमीन कसत राही. जमीनदाराकडे राहिली ती 'सीर' आणि 'खुदकाश्त', म्हणजे घरच्या कसणुकीची जमीन, आणि त्याची आमराई. गावोगावचा वसूल थांबला. पोट भरायचे तर आता उरलेल्या जमिनीत स्वतः लक्ष घालायला हवे होते.

१९६५च्या सुमारास इनायत हबीबुल्लाह सैन्यातून निवृत्त झाले. मेजर जनरल हुद्द्याचा, सॅण्डहर्स्टला शिकलेला माणूस दिल्ली-मुंबईत कुठेही मानाने राहिला असता. लंडनला नातेवाईक होते. ते सैदनपूरला गेले. तिथल्या शेतीत आणि आंब्याच्या बागांत त्यांनी आणि पत्नी हमीदा यांनी लक्ष घातले.

हापूसच्या मुलखातल्या माणसाला आंब्याची शेती म्हणजे काय हे सांगायला नको. कलमाला फळ धरायलाच चार-पाच वर्षे लागतात, भरात यायला त्याहून जास्त. मोहोर आला की तुडतुडे आणि भुरीची धास्ती. अवधचा दशहरी आणि लंगडा तर एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस अशा शेतीकडे वळतो तेव्हा इथून उठून जायचे त्याच्या मनात नसते. आपल्या हदीसमध्ये झाड लावणे हा सदका मानला आहे. त्याचे फळ माणसाने खावो, पाखराने खावो, सवाब लावणाऱ्याला.

हमीदा यांच्याविषयी स्वतंत्र लिहायला हवे. त्या हैदराबादच्या न्यायाधीशांची कन्या, आणि लंडनला त्यांनी घेतले होते ते शिक्षिकेचे प्रशिक्षण. हे वाचून मला उगीचच आपल्या घरातले कोणी भेटल्यासारखे झाले. पती निवृत्त झाल्यावर त्या राजकारणात उतरल्या. १९६९ मध्ये बाराबंकीतल्याच हैदरगढमधून आमदार झाल्या, मंत्री झाल्या, पुढे राज्यसभेवर गेल्या. लखनौच्या चिकनकाम करणाऱ्या बायकांच्या 'सेवा' संस्थेच्या त्या अध्यक्ष होत्या. शंभरी ओलांडून २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. जिथे सासरे तालुकदार होते, त्या जिल्ह्यात सून मते मागत दारोदार गेली. लोकशाही काय करते, ते याहून सोपे करून मुलांना कसे सांगावे?

शेती करताना जनरलसाहेबांनी देशाचा विचार सोडला नाही. १९८१ मध्ये त्यांचे भारताच्या संरक्षणावरचे पुस्तक आले. मुलगा वजाहत हबीबुल्लाह आयएएस झाले, काश्मीरमध्ये कठीण काळात काम केले आणि २००५ मध्ये देशाचे पहिले मुख्य माहिती आयुक्त झाले. आज कोणीही साधा अर्ज करून सरकारला प्रश्न विचारतो, त्या व्यवस्थेच्या सुरुवातीलाही हे आडनाव आहे.

हे सगळे मी नंतर वर्गात सांगितले. फळ्यावर तीन भावांची नावे आणि तीन देश लिहिले. एका मुलाने विचारले, "मग कोणाचे बरोबर होते?" मी म्हटले, तसे गुण देता येत नाहीत. पण आपण ज्यांची नातवंडे आहोत, तेही राहिलेलेच होते. त्यांच्यापुढे कोणी कागद ठेवून विचारले नव्हते. ते नांगर धरून, होडी वल्हवून, शिवणयंत्र चालवून राहिले. हबीबुल्लाह आडनावाचा माणूस मोठा म्हणून त्याचे नाव हॉलला लागले, आपल्या आजोबांचे नाव सातबाऱ्यावर आहे. दोन्ही नावे राहण्याचीच खूण आहेत.

मग त्या मुलीने दुसरा प्रश्न विचारला, आणि मला वाटते, तिला पहिल्यापासून हेच विचारायचे होते. "टीचर, तिथे आपल्याला घेतात का?"

मी तिला नियम सांगितले. बारावी, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा, मग मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशाने ही परीक्षा मुलींना खुली झाली, आणि मे २०२५ मध्ये सतरा मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. पात्रतेच्या अटींत धर्म नाही. अडचणी येणारच नाहीत, असे मी तिला म्हटले नाही. एवढेच म्हटले की जी संस्था उभी करायला आपल्यातलाच एक जण होता, तिचा फॉर्म भरण्याआधीच आपण "घेत नाहीत" म्हणून मागे फिरू नये.

तिने कात्रण परत मागून घेतले. 'हबीबुल्लाह हॉल' या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारली आणि ते गणिताच्या वहीत ठेवले. गणितात ती जरा कच्ची आहे. त्या आठवड्यापासून शाळा सुटल्यावर अर्धा तास ती गणिताच्या सरांकडे बसते.