मुलांचे वर्तन : शाळा आणि घर यांची सामाईक जबाबदारी

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळ्यानंतर खडवली हे स्थानक लागते. भातसा नदीकाठच्या या गावातून मुंबईला नोकरीनिमित्त जाणाऱ्याचा केवळ गाडीतला प्रवासच एका बाजूने सुमारे दीड तासांचा असतो. आई-वडील दोघेही असा प्रवास करीत असतील, तर मूल जागे होण्यापूर्वी ते घराबाहेर पडलेले असतात आणि परततात तेव्हा मूल पेंगुळलेले असते. अशा घरातील मूल उलट उत्तरे देऊ लागले किंवा वर्गात मारामारी करू लागले, की शिक्षक ‘घरी लक्ष नाही’ म्हणतात आणि पालक ‘शाळेत शिस्त नाही’ असे उत्तर देतात. मुलाला नेमके काय होत आहे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

वास्तविक वर्तन हे बहुधा लक्षण असते. फळ्यावरचे नीट न दिसणारे मूल चुळबुळ करते. वाचनात अडखळणारे मूल हसे होण्यापेक्षा खोड्या करणे पसंत करते. अपुरी झोप, घरातील भांडणे, व्यसन, वर्गमित्रांकडून होणारा छळ यांचेही पडसाद वागण्यात उमटतात. यातील काही गोष्टी फक्त शिक्षकाला दिसतात, तर काही फक्त पालकांना. दोघांनी आपापले निरीक्षण एकमेकांना सांगितल्याखेरीज चित्र पूर्ण होत नाही.

या विचाराचा प्रत्यक्ष प्रयोग ठाणे जिल्ह्यातच झाला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे नेले. (हा परिसर २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी ते पुढे चालविले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, ही तक्रार तेव्हाही होती. मुलांना आळशी ठरवून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी कारण शोधले. थोरल्या मुलांना धाकट्या भावंडांना सांभाळावे लागे, काहींना गुरे राखावी लागत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली; गुराख्यांसाठी चराईच्या रानातच कुरणशाळा भरली; वस्तीतील अंगणात बालवाडी गेली. मुलांना नाहू-माखू घालण्यापासून सुरुवात होई आणि ते आयांच्या डोळ्यांदेखत चाले. पालकांना वेगळी व्याख्याने देण्यापेक्षा हे अधिक परिणामकारक होते.

तरीही ‘छडी लागे’ची परंपरा आपल्याकडे चिवट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी आहे. मुलांच्या निवासी संस्थांना बाल न्याय कायदा, २०१५ लागू असून शिस्तीच्या नावाखाली मारणे हा तेथे गुन्हा आहे. एप्रिल २०२५ मध्ये खडवलीतील एका विनापरवाना आश्रमावर प्रशासनाने कारवाई करून २९ मुलांची सुटका केली. मुलांना मारहाण आणि लैंगिक अत्याचार झाल्याच्या आरोपांवरून गुन्हाही दाखल झाला. ‘तिथे तरी सुधारेल’ या आशेने मूल परक्या संस्थेच्या स्वाधीन करणाऱ्यांनी आधी तिची नोंदणी तपासली पाहिजे आणि मुलाला एकट्याने भेटण्याची मुभा मिळते की नाही, हेही पाहिले पाहिजे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी पालकांनाच नव्हे, मुलांनाही ठाऊक असावी.

घर आणि शाळा यांच्या संवादासाठी कायद्याने जागा ठेवली आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. खासगी शाळांतील पालक-शिक्षक संघाचा आग्रह २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने धरला. साहजिकच तेथे चर्चा शुल्काचीच अधिक होते. मुलांच्या वागण्याचा विषय निघतो तो तक्रार आल्यावर, तीही भर सभेत, ज्यामुळे पालक खजील होतात आणि घरी गेल्यावर त्याचा राग मुलावर निघतो. अशा गोष्टी एकांतात बोलाव्यात, आणि मुलाने काही चांगले केल्यावरही शिक्षकांनी घरी कळवावे. बैठकीची वेळ नोकरदारांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवली, तर न येणारे पालकही येऊ लागतील.

नियमांमागील कारण सांगणे हा यातील कळीचा भाग आहे. खडवलीच्या मुलांना ‘नदीवर जाऊ नका’ असे घरी आणि शाळेत बजावले जाते. पण त्याच भातसेत बाहेरगावचे पर्यटक पावसाळ्यात बिनदिक्कत उतरताना ती पाहतात, आणि तेथे माणसे बुडाल्याच्या बातम्याही ऐकतात. वरच्या अंगाला धरण आहे, पाणी सोडले की पात्र एकाएकी भरते, तळाचे खड्डे वरून दिसत नाहीत, हे शाळेत नकाशावर दाखवता येते. सुट्टीच्या दिवशी काठावर नेऊन प्रत्यक्ष दाखविणे हे काम पालकांचे.