पडद्यामागची फिल्म

वैभववाडीतल्या एखाद्या घरात एलसीडी टीव्ही लावला, की फोटोच्या फिल्मचं सख्खं भावंड समोर उजळत असतं. फाळक्यांच्या काळातली सिनेमाची फिल्म नायट्रेटची, भलती पेट घेणारी; जानेवारी 2003 मध्ये पुण्यात अशा जुन्या फिल्मांचा साठा आगीत गेला. 1950 च्या आसपास तिची जागा ट्रायअ‍ॅसिटेटनं, म्हणजे ‘टॅक’नं घेतली. ही पट्टी सहजी पेटत नाही, काचेसारखी नितळ असते आणि आरपार जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा बिघडवत नाही. एलसीडीला नेमकं हेच हवं होतं. पडद्याच्या मागेपुढे आयोडिन मुरवून ताणलेला एक नाजूक पापुद्रा असतो. त्याला जपायला दोन्ही अंगांनी टॅकचं अस्तर लावतात.

2000 च्या सुमाराला फिल्मचा खप शिखरावर पोचला आणि मग कोसळला. फिल्म बनवणारी फुजी ही कंपनी तगली, त्यात हे अस्तर मोठ्या प्रमाणावर विकण्याचा मोठा वाटा होता. फिल्मवरचा चांदी धरून ठेवणारा थर जिलेटिनचा, म्हणजे मुळात कोलॅजेनचा. त्या अभ्यासातून 2007 मध्ये तिनं ‘अ‍ॅस्टालिफ्ट’ ही प्रसाधनं काढली. कोणी म्हणेल, नवे धंदे फिल्मवाल्या कोडॅकनंही केले, तरी 2012 मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केलाच. खरं आहे. पण 1988 मध्ये तिनं 5.1 अब्ज डॉलर मोजून स्टर्लिंग ही औषध कंपनी घेतली आणि 1994 मध्ये विकून टाकली; त्याच वर्षी स्वतःचा रसायनांचा कारखानाही वेगळा काढला. परका धंदा विकत घेतला, घरचा हातचा सोडला. फुजीच्या गाठीला पैसा होता हे मान्य, पण पैसा कोडॅककडेही होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उटीची सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स 1960 ची. ‘इंदू’ फिल्म काढणारी ही कंपनी एक्स-रे फिल्मकडे वळली, म्हणजे घरच्याच विद्येकडे, तरीही बुडाली. नव्या प्रकल्पाचं कर्ज आणि परदेशी मालाची स्पर्धा तिला झेपली नाही; शिवाय पुढे एक्स-रेही डिजिटल झाला. तेव्हा विद्या जुनी असून भागत नाही, गिऱ्हाईक नवं लागतं. टॅक तगलं, कारण चांदीच्या थराशी त्याचा संबंध उरला नव्हता. आज त्या अस्तराच्या जागी दुसरी प्लास्टिकं येऊ लागली आहेत. म्हणजे फुजीला नव्या गिऱ्हाइकाचा हा शोध पुन्हा घ्यावा लागणार.