मधुमेह व हृद्‌रोगप्रतिबंधक औषधांचे सातत्य

मधुमेही रुग्णास हृद्‌रोहिणीविकार व पक्षाघात यांपासून वाचविण्यासाठी रक्तदाब आणि रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे दिली जातात. ती सांगितलेल्या मात्रेत व खंड न पाडता घेत राहणे, यास औषधसातत्य म्हणतात. हे सातत्य अनेकदा टिकत नाही. त्याची कारणे रुग्णाच्या निष्काळजीपणापेक्षा उपचाराच्या स्वरूपात व रुग्णाच्या जीवनक्रमात अधिक आढळतात. बीड जिल्ह्याच्या संदर्भात हे विशेषत्वाने ध्यानात येते.

इतिहास : टोराँटो येथे १९२१ मध्ये फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलीन वेगळे केले. त्यामुळे मधुमेहींचे आयुर्मान वाढले आणि पूर्वी दुर्लक्षित राहिलेले रोहिण्यांचे विकार पुढे आले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या पाहणीतून मधुमेहाचा हृद्‌रोगाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ आकिरा एंडो यांनी १९७० नंतरच्या दशकात बुरशीपासून पहिले स्टॅटिन मिळविले. या वर्गातील लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत वापरात आले. पूर्वी हृद्‌रोग न झालेल्या २,८३८ मधुमेहींवरील एका चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ॲटोर्व्हास्टॅटिनमुळे हृदयविकार व पक्षाघात यांसारख्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यानंतर हृदयाची कोणतीही तक्रार नसलेल्या मधुमेहींनाही हे औषध देण्याची पद्धत दृढ झाली.

कारणे : कोलेस्टेरॉल वाढल्याचे रुग्णास जाणवत नाही आणि गोळीने ते कमी झाल्याचेही जाणवत नाही. मधुमेहात मज्जातंतूंना इजा झाल्यास हृदयविकाराचा झटकाही कित्येकदा वेदनेवाचून येतो. म्हणजे ज्याला धोका अधिक, त्यालाच इशारा कमी मिळतो. रक्तातील साखरेचा आकडा मात्र वारंवार तपासला जातो. त्यामुळे 'शुगरची गोळी' चालू राहते व हृदयासाठी दिलेली गोळी अनावश्यक वाटून सुटते. गोळ्यांची संख्या, दुष्परिणामांची भीती, खर्च आणि अपुरे समुपदेशन ही अन्य कारणे होत.

सार्वजनिक आरोग्यसेवेची जडणघडणही येथे महत्त्वाची आहे. देवीची लस, क्षयाचा उपचार, कुष्ठरोगावरील बहुविध औषधयोजना या सर्वांना ठरावीक मुदत होती. मुदत नसलेला, आजार जाणवण्यापूर्वीच सुरू होणारा उपचार ही ग्रामीण भागाला नवी गोष्ट होती.

बीड जिल्हा : बालाघाटच्या डोंगररांगांतील हा अवर्षणप्रवण जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाल्याने जिल्ह्यात उच्च वैद्यकीय उपचारांची सोय झाली. तथापि, दसरा-दिवाळीनंतर येथील बहुसंख्य ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर, साधारणतः उन्हाळ्यात परततात. पती-पत्नीची जोडी 'कोयता' म्हणून मोजली जाते. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांना श्रमाने फेडावी लागते आणि एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल 'खाडा' कापला जातो. गावाजवळच्या आरोग्यकेंद्रातून महिन्याची औषधे नेण्याची व्यवस्था अशा जीवनक्रमाशी जुळत नाही. गोळी स्वस्त असली, तरी ती आणण्यासाठी बुडणारा रोज महाग पडतो. गावी राहिलेल्या वृद्ध मधुमेहींनाही तालुक्याच्या ठिकाणी नेणारे घरातील कर्ते माणूस जवळ नसते.

उपाय व दृष्टिकोन : जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांत औषधसातत्य सु. ५० टक्केच आढळते. हृद्‌रोग वा पक्षाघात होऊन गेलेल्यांच्या २०११ मधील एका बहुराष्ट्रीय पाहणीत भारतासह अल्प उत्पन्न गटातील देशांत सु. ८० टक्के रुग्ण मुख्य औषधांपैकी एकही घेत नव्हते. श्रीमंत देशांत हे प्रमाण सु. ११ टक्के होते. हा फरक केवळ रुग्णांच्या स्वभावाने स्पष्ट होत नाही. याच काळात 'आज्ञापालन' ही संकल्पना मागे पडून रुग्णाच्या संमतीवर आधारलेल्या 'सातत्या'चा विचार पुढे आला. अनेक औषधे एकत्र असलेली गोळी, दोन-तीन महिन्यांचा साठा एकदम देणे, उसाच्या फडापर्यंत पोहोचणारी आरोग्यसेवा आणि 'ही गोळी बरे वाटण्यासाठी नसून पुढील झटका टाळण्यासाठी आहे', हे रुग्णास त्याच्या भाषेत समजावून सांगणे, हे त्यावरील प्रमुख उपाय होत.